विहाराच्या भिंतीवर महाड रंगवताना : प्रसंगचित्राची आखणी कशी करावी?



काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका विहारात मी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे भित्तिचित्र काढले. मध्यभागी सहा फूट उंचीचे बाबासाहेब, निळा कोट, हातात जाडजूड पुस्तक, मागे उगवता सूर्य. खाली पाठमोऱ्या माणसांची गर्दी आणि वर उचललेले शेकडो हात. उद्घाटनाला टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सगळे पांगल्यावर एक म्हातारे बाबा भिंतीजवळ आले. काठी टेकून बराच वेळ ते चित्र पाहत राहिले. मग मला म्हणाले, "माझा बाप गेला होता महाडला. ह्यात तो कुठं आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी काढलेल्या गर्दीत एकालाही चेहरा नव्हता. ज्या माणसांनी आयुष्यात प्रथमच सार्वजनिक पाण्याला हात लावला, त्या सगळ्यांना मी नुसते हात आणि पाठी करून टाकले होते.

महाडच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे होतात. गावोगावच्या विहारांत, समाजमंदिरांत, वसतिगृहांत या प्रसंगाची चित्रे निघतील. ती आपल्याच तरुण पोरापोरींनी काढावीत आणि नीट विचार करून काढावीत, यासाठी हा लेख. कलाशाळेत शिकलेल्यांसाठीच हे आहे असे नाही. चित्र काढणारा आणि ते काढून घेणारा कार्यकर्ता, दोघांनाही ही आखणी माहीत असायला हवी.

हा वारसा आपलाच आहे

अनेक माणसे असलेला, घडणारा प्रसंग एका भिंतीवर मांडणे ही कला आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. सांचीच्या पूर्व तोरणाच्या मधल्या आडव्या पट्टीवर सिद्धार्थाचे गृहत्याग कोरलेले आहे. तिथे सिद्धार्थ माणसाच्या रूपात दाखवलेलाच नाही. घोडा आहे, त्यावर छत्र धरलेले आहे, पाठीवर कोणी नाही. तोच घोडा नगरातून निघताना पुन्हा पुन्हा दिसतो. शेवटी पावलांची खूण येते आणि छन्न व घोडा परत फिरतात. पाहणारा पट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि कथा उलगडते. एकच पात्र एकाच चौकटीत अनेकदा दाखवून काळ पुढे सरकवण्याची ही रीत.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी आणखी एक वाट काढली. इ. स. पाचव्या शतकातील लेणी क्रमांक १७ मध्ये विश्वंतर जातक, षड्दंत जातक, सिंहल अवदान अशा मोठ्या कथा भिंतीभर पसरल्या आहेत. त्या नेहमीच सरळ क्रमाने पुढे जात नाहीत. राजवाड्यातले प्रसंग राजवाड्याजवळ, वनातले वनाजवळ, म्हणजे काळापेक्षा स्थळाला धरून मांडणी केलेली आढळते. मध्ये रेघ ओढून चौकटी केलेल्या नाहीत. मंडपाचे खांब, वेशीचे दार, खडक, झाड यांनीच एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा होतो.

त्याच लेणीतले राहुल-यशोधरेचे चित्र आठवा. भिक्षापात्र घेऊन दारी आलेले तथागत प्रचंड मोठे आहेत. यशोधरा आणि राहुल त्यांच्यासमोर अगदी लहान. पण आपले लक्ष नुसत्या आकाराने खिळत नाही. आई आणि मुलगा दोघेही वर पाहत आहेत आणि तथागतांची मान किंचित खाली झुकलेली आहे. नजरांची ही देवघेव हेच त्या चित्राचे खरे बळ. मी आकार तेवढा उचलला होता, नजर विसरलो होतो.

पहिली पायरी : एक वाक्य आणि एक क्षण

कुंचला हातात घेण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा : या चित्रात काय घडते आहे? "महाडचा सत्याग्रह" हे उत्तर नव्हे, तो विषय झाला. "बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले आहे, अजून प्यायलेले नाहीत आणि सगळे पाहत आहेत" हे वाक्य झाले.

त्या दिवसातून निवडण्यासारखे क्षण पुष्कळ होते. परिषदेच्या मंडपातून निघालेली मिरवणूक, तळ्याच्या पायऱ्या, पहिली ओंजळ, मागोमाग पाण्याकडे जाणारे लोक. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर झालेला हल्ला. प्रत्येक क्षणाचे चित्र वेगळे होईल. हल्ला काढला तर अत्याचाराचे चित्र होते. पाणी पिऊन झाल्यावरचा जल्लोष काढला तर विजयाचे. पिण्याआधीची ओंजळ काढली तर निर्धाराचे. तुमच्या गावाला, तुमच्या विहाराला कोणते चित्र हवे आहे याचा निर्णय आधी बैठकीत घ्या. सगळेच दाखवायचे म्हटले की काहीच दिसत नाही.

हल्लाही दाखवायचाच असेल तर सांची-अजिंठ्याची रीत वापरा. वेशीसारखी एक भिंत किंवा मंडपाचा खांब मध्ये घ्या आणि पलीकडे दुसरा प्रसंग लहान आकारात मांडा. पण मुख्य प्रसंग कोणता, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळलेच पाहिजे.

दुसरी पायरी : खात्रीच्या गोष्टींची यादी

प्रसंगचित्र हा इतिहासाचा दस्तऐवज मानला जातो. लहान मुले पुस्तक वाचण्याआधी भिंत वाचतात. म्हणून एका वहीत दोन रकाने करा. एकात "नक्की होते", दुसऱ्यात "तेव्हा नव्हते".

नक्की होते : १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. त्यामागे १९२३ चा मुंबई विधिमंडळातला सी. के. बोले यांचा ठराव आणि त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा केलेला, पण कागदावरच राहिलेला ठराव. आर. बी. मोरे यांच्यासारखे स्थानिक संघटक. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण समाजातून आलेले सहकारी. खेड्यापाड्यांतून काठ्या आणि भाकरी घेऊन चालत आलेली माणसे.

तेव्हा नव्हते : संविधानाचा ग्रंथ, कारण तो अजून बावीस-तेवीस वर्षे पुढे आहे. पंचशील ध्वज, कारण धम्मदीक्षा १९५६ ची. 'बहिष्कृत भारत'चा अंक, कारण ते पाक्षिक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे सत्याग्रहानंतर सुरू झाले. मनुस्मृतीची होळी, कारण ती त्याच वर्षी २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेत झाली. मार्च आणि डिसेंबर एकाच चित्रात कालवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तळ्याच्या काठावर आज दिसणारा पुतळा आणि बांधकामही तेव्हाचे नाही. आजच्या फोटोवरून तळे उतरवू नका.

सर्वांत मोठी चूक बाबासाहेबांच्या वयाची होते. १४ एप्रिल १८९१ ला जन्मलेले बाबासाहेब त्या दिवशी पस्तीस वर्षांचे होते. आपण काढतो तो चेहरा पन्नाशीनंतरच्या छायाचित्रांवरून घेतलेला असतो. विलायतेतून बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन आलेला एक तरुण माणूस त्या पायऱ्या उतरला. आजच्या तरुणांना हे वय भिंतीवर दिसणे गरजेचे आहे. त्यासाठी १९२० च्या दशकातली छायाचित्रे समोर ठेवा.

डिसेंबरचा प्रसंग निवडलात तर त्यात स्त्रिया ठळकपणे असल्याच पाहिजेत. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले होते. त्यांना कडेला कोंबू नका.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. माझ्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी त्याच बाबांनी मला सांगितले, "लांबचा माणूस फडक्यात भाकरी बांधल्याशिवाय निघत नसे." त्यांच्या या एका वाक्याने पुढच्या फळीतल्या तिघांच्या हातांना काम मिळाले.

तिसरी पायरी : भिंत मोजा

टेप घेऊन भिंत मोजा आणि कागदावर आराखडा काढा. दार, खिडकी, पंख्याचे बटण, वायरची पट्टी सगळे त्यात येऊ द्या. बुद्धमूर्ती कुठे आहे, वंदनेला बसणाऱ्यांचे तोंड कोणत्या दिशेला असते, तेही पाहा. मूर्तीच्या मागे गजबजलेले प्रसंगचित्र नको. ते बाजूच्या भिंतीवर शोभते.

जमिनीपासून अडीच-तीन फूट भिंत सोडा. तिथे लोक पाठ टेकून बसतात आणि डोक्याच्या तेलाने चित्र काळे पडते. समजा वर बारा फूट लांब आणि सहा फूट उंच जागा मिळाली. म्हणजे प्रमाण दोनास एक. पुढची सगळी रेखाटने याच प्रमाणात करायची.

चौथी पायरी : काडेपेटीएवढी चित्रे

आता चार इंच बाय दोन इंचांच्या चौकटी आखा आणि मऊ पेन्सिलीने निदान पंधरा रेखाटने करा. त्यांत नाक-डोळे नकोत. फक्त तीन गोष्टी : गडद कुठे, उजळ कुठे, मधला रंग कुठे. डोळे किलकिले करून पाहिले तर जो आकार उरतो, तोच पंचवीस फुटांवरून दिसणार आहे.

माझ्या पहिल्या चित्राचा घोळ इथेच होता. पाहणारा मी गर्दीच्या मागे उभा केला होता. तिथून पाठीच दिसणार. दुसऱ्या वेळी मी पाहणाऱ्याला पाण्याच्या बाजूला नेले. जणू तळ्यातूनच आपण पायऱ्यांकडे पाहत आहोत. लगेच सगळे चेहरे समोर आले.

पण एक अडचण उभी राहिली. पाण्याजवळ वाकलेले बाबासाहेब चित्रात सगळ्यांच्या खाली गेले. समितीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेब खाली कसे?" मी त्याला रेखाटनावर बोट फिरवायला लावले. पायऱ्यांच्या तिरप्या रेषा खाली येतात. लोकांच्या काठ्या खाली झुकतात. माणसांच्या नजरा खाली येतात. सगळे येऊन एका ओंजळीवर थांबते. सर्वांत खाली असूनही डोळा दुसरीकडे जातच नाही. केंद्र उंचीने ठरत नाही, ते रेषा आणि नजरा ठरवतात. शिवाय खरेही तेच होते. पाणी घ्यायला माणसाला वाकावेच लागते.

बाबासाहेब मी भिंतीच्या बरोबर मध्यावर न घेता डाव्या बाजूपासून साधारण एक तृतीयांशावर घेतले. उजवीकडून मिरवणूक उतरत येते आणि डावीकडे नुसते पाणी राहते. ही मोकळी जागा भरण्याचा मोह होतो. कोणी तिथे कमळ सुचवते, कोणी घोषणा. भरू नका. त्या रिकाम्या पाण्यामुळेच ओंजळ दिसते.

पाचवी पायरी : गर्दीला चेहरे द्या

शंभर माणसे काढायची म्हणजे शंभर चेहरे रंगवायचे असे नव्हे. गर्दीचे तीन थर करा.

पुढच्या थरात सात-आठ जण. प्रत्येकाचे वय, बांधा, कपडे आणि मनातले वेगळे. बारा बाय सहाच्या भिंतीवर या आकृती साधारण साडेतीन फूट उंच ठेवल्या तर डोके सहा इंचांचे होते आणि विहारात बसलेल्यालाही चेहऱ्यावरचा भाव कळतो. मधल्या थरात पंधरा-वीस जण, डोके चारेक इंचांचे, चेहरे ढोबळ पण दिशा स्पष्ट. मागच्या थरात फेटे, मुंडाशी आणि काठ्यांची टोके पुरेत.

आकृती एकमेकींवर चढू द्या. दोन माणसांत सारखे अंतर ठेवले की शाळेतला ग्रुप फोटो होतो. तिघांचा एक घोळका, मग एकटा माणूस, मग दोघे, अशी विषम वाटणी करा. पायऱ्यांमुळे डोकी आपोआप वर-खाली होतात, त्याचा फायदा घ्या.

मग प्रत्येकाला एक क्रिया द्या. एकजण धोतर सावरून पहिल्या पायरीवर पाय ठेवतो आहे. एका तरुणाचा हात पाण्याकडे निघाला आहे, पण अडखळला आहे. एका म्हाताऱ्याने डोळे मिटले आहेत. एकजण मागे वळून घरांच्या बंद दारांकडे पाहतो आहे. हा मागे पाहणारा माणूस महत्त्वाचा. सगळेच ओंजळीकडे पाहत राहिले तर भीती कुठे दिसणार? त्याच्या नजरेच्या रोखाने मी वरच्या उजव्या कोपऱ्यात कुजबुजणारी तीन लहान माणसे ठेवली. पुढे काय होणार आहे ते पाहणाऱ्याला तिथे कळते.

या आकृतींसाठी घरातल्याच माणसांना उभे करा. खऱ्या पायरीवर, खऱ्या काठीसह. मोबाइलवर फोटो घ्या, पण प्रकाश एकाच बाजूचा ठेवा. नाहीतर एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे पडते आणि चित्र चिकटवल्यासारखे दिसते. ज्या बाबांचे वडील महाडला गेले होते, त्यांचा नातू आमच्या पुढच्या फळीत उभा राहिला. वडिलांचा फोटो घरात नव्हता. नाकाची ठेवण मात्र घरात होती.

सहावी पायरी : कागदावरून भिंतीवर

पसंत पडलेले रेखाटन चोवीस इंच बाय बारा इंचांच्या कागदावर नीट मोठे करा. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा. भिंतीवर सहा-सहा इंचांचे चौकोन आखा. दोन्हीकडे आडवे चोवीस आणि उभे बारा होतात. दोरीला खडूची पूड लावून रेघा मारल्या तर दोघांना हे काम तासा-दोन तासांत जमते. मग एकेका चौकोनातली रेषा उतरवत जा.

चेहरे आणि हात यांच्यासाठी खाका वापरा. पूर्ण आकाराचे रेखाटन कागदावर करून रेषेवर सुईने बारीक भोके पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापायची. भिंतीवर ठिपके उमटतात, ते जोडायचे. आपल्याकडच्या चित्रकारांची ही जुनी रीत आहे.

रेषा उतरली की दोन दिवस थांबा. लोकांना पाहू द्या. या टप्प्यावर चूक पुसता येते.

सातवी पायरी : थोडे रंग, टिकणारी भिंत

अजिंठ्याच्या भिंतींवर आधी माती-तुसाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग गेरूची रेषा आणि नंतर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, हिरवा आणि काही ठिकाणी बाहेरून आणलेला लाजवर्दी निळा. एवढ्याच रंगांत ते जग उभे राहिले. आपल्याला बाजारातले चाळीस डबे कशाला लागतात?

मी गेरू, पिवळी माती, पांढरा, काळा आणि एक निळा एवढेच घेतले. निळा आपला लाडका रंग आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावा लागतो. कोट निळा, आकाश निळे, झेंडे निळे केले की निळ्याला अर्थच उरत नाही. मी तो फक्त पाण्याला दिला. बाकी सारे चित्र मातीच्या आणि मळक्या पांढऱ्या रंगांत. पाण्यातला निळा मग दारातूनच दिसतो.

भिंतीला ओल असेल तर आधी ती थांबवा. लोणा फुटलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग लावला तरी पोपडे निघतात. पावसाळा संपल्यावर, भिंत पूर्ण सुकल्यावर जुना सुटलेला थर खरवडून पुट्टी आणि प्रायमर मारा आणि मगच अ‍ॅक्रिलिक रंग वापरा. रंगवताना वरून खाली या, म्हणजे ओघळ रंगवलेल्या भागावर येत नाहीत. आधी मोठे सपाट भाग, मग छाया, चेहरे शेवटी. आणि खाली एका कोपऱ्यात प्रसंग, स्थळ आणि तारीख स्वच्छ अक्षरांत लिहा. देणगीदारांची यादी वेगळ्या पाटीवर असू द्या.

हे कशासाठी?

२० मार्च १९२७ नंतर तळे बाटले म्हणून त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते "शुद्ध" करण्यात आले. न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली, तेव्हा कुठे मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. या दहा वर्षांचे ओझे ज्यांनी गावागावांत वाहिले, त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. पुस्तकात त्यांना जागा मिळाली नाही. भिंतीवर ती देणे आपल्या हातात आहे.

बाबासाहेबांना मोठे दाखवण्यासाठी लोकांना लहान करावे लागत नाही. पस्तीस वर्षांच्या एका माणसामागे इतकी माणसे भाकरी बांधून, मार खाण्याची तयारी ठेवून का आली, हे चेहऱ्यांवर दिसले की बाबासाहेब आपोआप मोठे दिसतात.

नवे चित्र पूर्ण झाले तेव्हा ते बाबा पुन्हा आले. पुढच्या फळीतल्या भाकरीवाल्या माणसासमोर थांबले. म्हणाले, "फडक्याची गाठ अशी नसते. दोन टोकं आत घेतात." दुसऱ्या दिवशी मी गाठ बदलली.

तुमच्या गावातही असे कोणी असेल. रंगाचे डबे आणण्याआधी वही घेऊन त्यांच्याकडे जा.

नमो बुद्धाय, जय भीम!